राखीव निकाल: पात्रता विभागातल्या एका उन्हाळ्याचं प्रकरण

हे प्रकरण राज्यातल्या एका सार्वजनिक विद्यापीठातलं, २०१९ च्या उन्हाळी परीक्षेनंतर प्रवेशाच्या पात्रतेची तपासणी पूर्ण न झाल्याने अडकलेल्या हजाराहून जास्त निकालांचं आहे. विद्यापीठ, जिल्हे किंवा माणसं ओळखू येतील असे तपशील बदलले आहेत किंवा गाळले आहेत. तेव्हा मी तिथे उपकुलसचिव होते. कुलसचिवपद रिकामं असल्याने त्याचा अतिरिक्त कार्यभारही माझ्याकडेच होता. ज्या परिपत्रकामुळे प्रश्न चिघळला त्यावर सही माझी होती, म्हणून हे लिहिणंही मलाच भाग आहे.

पार्श्वभूमी

आपल्याकडे विद्यापीठ फार वाढलं की ते विभागायचं, ही जुनी रीत. १९२३ च्या नागपूर विद्यापीठातून १९८३ मध्ये अमरावती वेगळं झालं आणि २०११ मध्ये गडचिरोलीचं गोंडवाना. पुण्यातून १९९० मध्ये जळगावचं उत्तर महाराष्ट्र, औरंगाबादच्या विद्यापीठातून १९९४ मध्ये नांदेडचं, आणि शिवाजी विद्यापीठातून २००४ मध्ये एकट्या सोलापूर जिल्ह्यासाठी सोलापूर विद्यापीठ. कागदावर कारभार जवळ येतो, पण प्रत्येक वेळी सुरुवात होते ती उसन्या जागेत आणि उसन्या माणसांवर. महाविद्यालयं वाढतात, अभ्यासक्रम वाढतात, वार्षिक परीक्षा जाऊन सत्र परीक्षा येते म्हणजे एकाच विद्यार्थ्याचा कागद वर्षातून दोनदा हलतो. शिक्षकेतर पदांचा आकृतिबंध, म्हणजे मंजूर पदांचा आराखडा, मात्र जुन्या संख्येवर अडकलेला राहतो. कोणी निवृत्त झालं की ते टेबल कंत्राटी माणसाकडे जातं, नाहीतर शेजारच्या टेबलाला जोडलं जातं.

आमच्या पात्रता विभागात सात टेबलं होती आणि माणसं चार. त्यातली दोन कंत्राटी.

बाहेरच्या वाचकासाठी पात्रता म्हणजे काय ते सांगायला हवं. विद्यार्थी पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतो तेव्हा त्याची बारावी किंवा आधीची पदवी या अभ्यासक्रमाला चालते का, हे विद्यापीठ तपासतं. राज्य मंडळाची बारावी असेल तर काम सोपं असतं. दुसऱ्या राज्याचं बोर्ड, मुक्त विद्यालय, दुसरं विद्यापीठ, किंवा पदविका करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेला विद्यार्थी असेल, तर स्थलांतर प्रमाणपत्र, मूळ गुणपत्रिका आणि टीसी महाविद्यालयामार्फत विद्यापीठाकडे यायला लागते. तोवर पात्रता तात्पुरती. कागद तपासून झाले की अंतिम.

तात्पुरत्या पात्रतेवर परीक्षा देता येते. प्रश्नाचं मूळ इथेच होतं. पहिलं सत्र गेलं, दुसरं गेलं, मुलगा तिसऱ्या वर्षाला पोचला तरी पात्रता तात्पुरतीच, आणि कोणाचं काही अडत नव्हतं. अडायचं ते एकदाच, सहाव्या सत्राच्या निकालाला. संकेतस्थळावर गुणांच्या जागी ‘निकाल राखीव’ एवढंच दिसायचं.

प्रश्न समोर कसा आला

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ प्रमाणे परीक्षा संपल्यापासून तीस दिवसांत, आणि काही झालं तरी पंचेचाळीस दिवसांत निकाल लावायचा असतो. २०१७ च्या उन्हाळ्यात मुंबई विद्यापीठात उत्तरपत्रिकांची संगणकावर तपासणी सुरू झाली, निकाल रखडले आणि प्रकरण कुलगुरूंना पदावरून दूर करण्यापर्यंत गेलं. त्यानंतर राज्यातल्या प्रत्येक विद्यापीठात त्या पंचेचाळीस दिवसांचा धसका होता. दर सोमवारी कुलगुरूंच्या दालनात बैठक व्हायची आणि परीक्षा व मूल्यमापन मंडळाचे संचालक किती निकाल लागले याचा तक्ता ठेवायचे.

त्या वर्षी आमचे बहुतेक निकाल मुदतीत लागले. तक्ता हिरवा होता. राखीव निकाल मात्र त्या तक्त्यात ‘जाहीर’ या रकान्यात मोजले जात होते, कारण त्या अभ्यासक्रमाचा निकाल तर लागलाच होता! नियमाने त्यात चूक काढता येत नव्हती. म्हणून हजाराहून जास्त मुलांच्या हातात गुणपत्रिका नाही, हे त्या बैठकीत तीन आठवडे कोणालाच दिसलं नाही. मीही त्या बैठकीला बसत होते.

आम्हाला कळलं ते सुरक्षारक्षकाकडून. तो म्हणाला, “मॅडम, गेटवर नोंदवहीची पानं संपली. सगळे पात्रतालाच चाललेत.”

खिडकीवरची एक नस्ती

त्या दिवशी दुपारी मी खाली गेले. खिडकीपुढे साठ-सत्तर जण होते. रांगेत एक मुलगी आणि तिचे वडील होते. सीमेलगतच्या तालुक्यातले, पहाटेच्या एसटीने निघालेले. वडिलांच्या हातातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळी प्रमाणपत्रं होती आणि तीच पिशवी ते उन्हात डोक्यावर धरून उभे होते. मुलीला बी.एड.च्या सीईटीत चांगले गुण होते. पहिल्या फेरीची कागदपत्रं तपासायला आठ दिवस उरले होते आणि पदवीची गुणपत्रिका नव्हती.

मी तिची नस्ती मागवली. सापडायला पाऊण तास लागला.

तिची बारावी शेजारच्या राज्याच्या बोर्डाची. तिकडच्या गुणपत्रिकेवर नाव छापलं होतं ते असं: एक नाव आणि पुढे टिंब देऊन एक अक्षर. आडनाव नाहीच. ते अक्षर वडिलांच्या नावाचं. आमच्या ऑनलाइन अर्जात तीन रकाने होते, आडनाव, नाव आणि वडिलांचं किंवा पतीचं नाव, आणि आडनाव भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नसे. महाविद्यालयाच्या लिपिकाने प्रवेशाच्या गर्दीत आडनावाच्या रकान्यात वडिलांचं नाव टाकलं, तिसऱ्या रकान्यातही तेच टाकलं, आणि अर्ज पुढे गेला. आमच्या विभागाने दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि शेरा मारला: ‘नावात तफावत. राजपत्र अथवा प्रतिज्ञापत्र सादर करावे.’

शेऱ्यावरची तारीख तिच्या पहिल्या वर्षातली होती. त्रुटीचं पत्र महाविद्यालयाला गेल्याची जावक नोंद होती. पत्र तिच्यापर्यंत पोचलं नाही. तो लिपिक मध्यंतरी निवृत्त झाला होता आणि त्याच्या कपाटातले गठ्ठे पुढच्या माणसाने सोडलेच नव्हते.

वडिलांनी मला विचारलं, “साहेब, पोरीचं नाव चुकलंय का? मग आम्ही बदलतो.” त्यांना ‘मॅडम’ म्हणायचं सुचलं नाही आणि मलाही उत्तर सुचलं नाही. नाव बरोबर होतं. आमचा रकाना चुकला होता.

पहिला निर्णय, आणि तो का चुकला

हे पाहिल्यावरही मी केलं ते सवयीचंच. संध्याकाळी परिपत्रक काढलं: सर्व प्राचार्यांनी प्रलंबित पात्रता प्रकरणांची पूर्तता पंधरा दिवसांत करावी, अन्यथा प्रति विद्यार्थी विलंब शुल्क आकारलं जाईल. दराचा ठराव जुनाच होता, व्यवस्थापन परिषदेचा. वाटलं, दंडाच्या भीतीने महाविद्यालयं हलतील.

महाविद्यालयं हलली. त्यांनी ते परिपत्रक जसंच्या तसं सूचनाफलकावर लावलं आणि विलंब शुल्क मुलांकडून गोळा करायला सुरुवात केली. काही ठिकाणी मूळ टीसी आणि गुणपत्रिका महाविद्यालयातच अडकवून ठेवल्या होत्या, आधी शुल्क भरा मग कागद पाठवतो असा पवित्रा. मूळ प्रमाणपत्रं संस्थेने ठेवून घेऊ नयेत, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ च्या ऑक्टोबरमध्येच बजावलं होतं. ती सूचना आम्ही सगळ्या महाविद्यालयांना अग्रेषित केली होती. अग्रेषित करणं म्हणजे अंमल झाला, असं आम्ही धरून चाललो होतो.

आठवड्याभरात खिडकीवरची गर्दी दुप्पट झाली. आता मुलं शुल्काच्या पावत्या घेऊन येत होती.

समोर असलेले पर्याय

कुलगुरूंनी पाच जणांना बसवलं: प्र-कुलगुरू, परीक्षा संचालक, वित्त व लेखा अधिकारी, एक अधिष्ठाता आणि मी. चर्चा दोन तास चालली आणि आवाजही चढले.

परीक्षा संचालकांचं म्हणणं सरळ होतं. सगळ्यांकडून हमीपत्र घ्या आणि निकाल सोडून द्या. पात्रता पुढे तपासू, अपात्र निघाला तर निकाल रद्द करू. मला ते पटत होतं, कारण खिडकीवरची माणसं मला दिसत होती. अधिष्ठात्यांनी विरोध केला, आणि त्यांचा मुद्दा खोडता येण्यासारखा नव्हता. अस्तित्वातच नसलेल्या बोर्डांच्या गुणपत्रिका याआधी आमच्याकडे सापडल्या होत्या. गुणपत्रिका एकदा हातात गेली की तिच्यावर पुढचा प्रवेश होतो, नोकरी लागते. दोन वर्षांनी निकाल रद्द करणं म्हणजे ज्याने मुद्दाम फसवलं त्याच्याबरोबर ज्याला काहीच ठाऊक नव्हतं त्यालाही रस्त्यावर आणणं.

दुसरा पर्याय आहे तेच चालू ठेवण्याचा. कागद येतील तसे निकाल सुटतील. वित्त अधिकाऱ्यांचा कल तिकडे होता. विलंब शुल्क व्यवस्थापन परिषदेच्या ठरावाने लागलेलं, ते एका बैठकीत माफ केलं तर लेखा आक्षेप येणार आणि तो त्यांच्या नावावर येणार. त्यांना मी दोष देत नाही. आक्षेपाला उत्तरं देण्यात ज्याची दहा वर्षं गेली आहेत, तो असंच बोलतो.

तिसरा, पात्रतेचे अधिकार कायमचे विद्यापीठाच्या उपकेंद्राकडे देण्याचा. चांगला होता, पण पदं आणि इमारतीशिवाय या उन्हाळ्यात त्याचा उपयोग शून्य.

कोंडी फुटली ती प्र-कुलगुरूंच्या एका साध्या प्रश्नाने. “हे हजार निकाल राखीव आहेत, पण कशासाठी? यात खरी शंका असलेले किती?”

कोणालाच सांगता आलं नाही. आम्ही दोन तास ज्याच्यावर भांडत होतो, तो गठ्ठा आमच्यापैकी एकानेही उघडून पाहिला नव्हता.

निर्णयाआधी गठ्ठा उघडला

शनिवार-रविवार आम्ही सभागृहात सतरंज्या घातल्या. पात्रता विभागातले चौघे, परीक्षा विभागातले सहा आणि मी. प्रत्येक नस्ती उघडायची, आवक नोंदवही शेजारी ठेवायची आणि तीनपैकी एका ढिगात टाकायची. पहिला ढीग: कागद विद्यापीठात पोचले आहेत, पण संगणकावर चढवले नाहीत. दुसरा: महाविद्यालयाने कागद पाठवलेच नाहीत, किंवा त्रुटीचं पत्र दाबून ठेवलं. तिसरा: कागद आहेत, पण त्यांच्या खरेपणाची शंका आहे.

रविवारी दुपारपर्यंत पहिला ढीग माझ्या कमरेला लागला. दुसरा त्याहून थोडा मोठा. तिसऱ्या ढिगाला एक टोपली पुरली, चाळीसेक नस्त्या.

पहिल्या ढिगात एक नस्ती अशी होती की तिच्यावर आमचाच शिक्का होता, ‘कागदपत्रे प्राप्त’, अडीच वर्षांपूर्वीचा. तो विद्यार्थी त्याच आठवड्यात विलंब शुल्क भरून गेला होता. विभागातला ज्येष्ठ लिपिक ती नस्ती हातात घेऊन बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “मॅडम, हे टेबल मोरे-काकांचं. ते गेल्यापासून रिकामंच आहे.” (आडनाव बदललं आहे.) कोणावर ठपका ठेवायचा, हा प्रश्न तिथेच माझ्यापुरता मिटला. माणसाची चूक शोधायला जावं, तर तिथे माणूसच नव्हता.

सोमवारी निर्णय झाले. पहिल्या ढिगाचे निकाल तीन दिवसांत सोडायचे, विद्यार्थ्याला एकदाही न बोलावता. दुसऱ्या ढिगासाठी तीन ठिकाणी शिबिरं घ्यायची आणि अंतिम पात्रतेचा शिक्का तिथेच मारायचा. तिसरा ढीग रोखूनच ठेवायचा, पण प्रत्येक विद्यार्थ्याला लेखी कारण द्यायचं आणि संबंधित बोर्डाकडे पडताळणीसाठी आपण लिहायचं, विद्यार्थ्याला पळवायचं नाही. विलंब शुल्काबाबत कुलगुरूंनी विद्यापीठ अधिनियमाच्या कलम १२(७) चा तातडीचा अधिकार वापरला. शुल्क विद्यार्थ्याकडून घ्यायचं नाही, मागणी महाविद्यालयाच्या नावे काढायची, आणि पुढच्या व्यवस्थापन परिषदेत ते अहवालासाठी ठेवायचं. वित्त अधिकाऱ्यांनी टिपणीवर आपलं मत नोंदवलं आणि सहीही केली. दोन्ही गोष्टी करणं हा त्यांचा मोठेपणा मी मानते.

अंमलबजावणी

पहिल्या ढिगाला तीन दिवसांऐवजी सहा लागले. शिबिरांपैकी दोन नीट पार पडली. तिसऱ्या ठिकाणी सकाळीच नेट गेलं आणि दुपारी तीनपर्यंत आलं नाही. आम्ही मग जाड नोंदवही घेतली, हाताने नोंदी केल्या, शिक्के मारले आणि रात्री विद्यापीठात परतून त्या चढवल्या. तिथे चार महाविद्यालयांचे प्राचार्य स्वतः आले होते. एकाने सगळे गठ्ठे स्वतःच्या गाडीतून आणले, बांधलेल्या सुतळीसकट.

नावातल्या तफावतीची प्रकरणं दुसऱ्या ढिगात सर्वांत जास्त होती. सीमेकडची मुलं होती, तशाच लग्नानंतर नाव बदललेल्या मुलीही होत्या. त्यांना महाविद्यालयांनी शंभराच्या स्टॅम्पवर प्रतिज्ञापत्र आणा, राजपत्रात छापून आणा, असं सांगितलं होतं. आम्ही शिबिरात ठरवलं की जन्मतारीख, फोटो, आईचं नाव आणि बारावीचा बैठक क्रमांक जुळत असेल तर माणूस तोच, आणि तशी नोंद करून अधिकाऱ्याने सही करायची. हा नियम आधी कुठेही लिहिलेला नव्हता. नंतर तो विद्या परिषदेपुढे ठेवला.

काय साधलं, काय नाही

पाच आठवड्यांत तिसरा ढीग सोडून जवळपास सगळे निकाल सुटले. तिसऱ्या ढिगातल्या बहुतेकांच्या बोर्डांनी गुणपत्रिका खऱ्या असल्याचं कळवलं. थोड्या बनावट निघाल्या, त्यावर रीतसर कारवाई झाली. म्हणजे अधिष्ठात्यांची शंका बरोबर होती, आणि सरसकट हमीपत्र घेतलं असतं तर आम्ही चुकलो असतो. पण त्या मूठभरांसाठी हजारांना रोखून धरणंही तितकंच चूक होतं.

महाविद्यालयांकडून विलंब शुल्काची वसुली अर्धवट राहिली. काहींनी भरलं, काहींनी आपल्या तासिकांवरच्या प्राध्यापकांचे पगार थकल्याचं कारण दिलं. एका महाविद्यालयाने आमच्या आदेशानंतरही मुलांकडून पैसे घेतल्याचं पावत्यांवरून दिसलं. परत करायला लावले, पण गाव सोडून गेलेल्या मुलांपर्यंत ते पोचले का, हे आम्ही तपासलं नाही. तपासायला हवं होतं.

आणि ती मुलगी. तिचा निकाल पहिल्या शिबिराच्या दिवशी सुटला, कागदपत्रं तपासण्याची मुदत संपून तीन दिवस झाल्यावर. पुढच्या फेरीत तिला जागा मिळाली ती घरापासून दोन जिल्हे पलीकडे, खाजगी महाविद्यालयात. तिने त्या वर्षी प्रवेश घेतला नाही. पुढच्या वर्षी सीईटी पुन्हा द्यावी लागली. मी परिपत्रक काढून घालवलेल्या आठवड्यात गठ्ठा उघडला असता, तर तिची पहिली फेरी चुकली नसती. हा हिशेब मी अनेकदा करून पाहिला आहे आणि दरवेळी तो तसाच येतो.

वेगळं काय करता आलं असतं

सोमवारच्या तक्त्यात ‘राखीव’ हा रकाना स्वतंत्र हवा होता. पुढच्या परीक्षेपासून तो आला. गुणपत्रिका हातात पडलेल्यांची संख्या वेगळी आणि निकाल जाहीर झालेल्यांची वेगळी, असे दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवले की कुलगुरूंनाही न विचारता कळतं.

त्रुटीचं पत्र फक्त महाविद्यालयाला जाणं, ही सर्वांत महाग पडलेली गोष्ट. विद्यार्थ्याचा मोबाइल क्रमांक आमच्याकडे प्रवेशाच्या दिवसापासून होता. तीन वर्षांत एक संदेश गेला असता तर पुरे होतं. त्याच हिवाळी परीक्षेपासून पहिल्या सत्राच्या हॉल तिकिटावर एक ओळ छापायला आम्ही लावली: ‘पात्रता: तात्पुरती’ किंवा ‘पात्रता: अंतिम’. हॉल तिकीट मुलं जपतात, घरी दाखवतात. पहिल्याच आठवड्यात विभागाचे फोन वाजायला लागले, आणि लिपिक वैतागले. पहिल्या सत्रातल्या मुलाचा फोन हा सहाव्या सत्रातल्या बापाच्या फेरीपेक्षा बरा, असं मी त्यांना सांगत राहिले.

विभागाची रिकामी पदं तशीच राहिली. शासनाकडे प्रस्ताव तीनदा गेला. कंत्राटी माणसं दोनाची चार झाली, एवढाच फरक.

अर्जातला आडनावाचा रकाना ऐच्छिक करा, असं पत्र मी त्याच महिन्यात संगणक प्रणाली पुरवणाऱ्यांना लिहिलं. उत्तर आलं की पदवी प्रमाणपत्राच्या साच्यात तीन शब्द बसवलेले आहेत, ते बदलायला वेगळा खर्च पडेल. मी निवृत्त झाले तेव्हा त्या रकान्यापुढची, तो भरणं सक्तीचं असल्याची लाल चांदणी तशीच होती, आणि सीमेकडच्या महाविद्यालयांतले लिपिक आडनावाच्या जागी नुसतं टिंब टाकून अर्ज पुढे ढकलायला शिकले होते.